किती दिस पुरंल?

कुंडलिकराव कधी मोजत नसत. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारून, डोळे मिटून, ते पिनांनी भरलेल्या पिंपात कडेकडेने उजवा हात खुपसत. बोटे आत कुठेतरी टेकली की थांबत, डोळे उघडून आपल्याच हाताकडे पाहत आणि सांगत, "कोपरापातूर हाय. आठ दिस."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते असेच, एक हात पिंपात आणि चेहरा समाधी लागल्यासारखा. एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात, मराठी घेऊन बी.ए. झालेला मी नगरच्या एका छोट्या कारखान्यात भांडाराचा कारकून म्हणून रुजू झालो होतो. पहिल्याच दिवशी दोन तास बसून मी एका पिंपातल्या पिना मोजल्या आणि आकडा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी तो ऐकलाही नाही.

"आकडा नगं, मास्तर. किती दिस पुरंल, त्ये सांगा."

चष्मा आणि काखेतले पुस्तक पाहून त्यांनी मला तेव्हाच मास्तर करून टाकले होते. पुढे मी त्यांचा वरिष्ठ झालो तरी त्यांच्यापुरता मास्तरच राहिलो.

आमचा कारखाना मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या करी, दुसरे काही नाही. मोटारी जोडल्या जात मुंबईच्या एका मोठ्या कारखान्यात आणि त्याची मूळ कंपनी परदेशातली, जगभर मोटारी विकणारी. एका मोटारीला चार दारे, एका दाराला दोन बिजागऱ्या, एका बिजागरीत एक पिन. पट्ट्या आम्ही नगरला दाबून काढायचो. पिना नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरला अण्णा मिस्त्री आपल्या तीन लेथवर कातून द्यायचे. तयार बिजागऱ्या दर मंगळवारी ट्रकने माळशेज घाट उतरून मुंबईला जात. तिथे मोटारींचे सांगाडे एका लांब ओळीत पुढे सरकत आणि जो तो आपल्यासमोर आलेल्या सांगाड्यावर आपला भाग बसवी. तिला सगळे लाइन म्हणत. ही लाइन कोणासाठी थांबत नसे. एका बोटभर पिनेसाठी थांबली, तर तिच्यावरची शेकडो माणसे हात बांधून उभी राहणार होती.

मला ही लाइन कुंडलिकरावांनी समजावली आणि त्यांनी ती तोवर पाहिलेलीसुद्धा नव्हती. चौथी शिकलेला, काष्टीच्या बाजारात पोती वाहिलेला हा माणूस पहारेकरी म्हणून कारखान्यात आला आणि मालकांनी त्याची नजर पाहून त्याला भांडारात बसवला. "आपली एस्टी नगर स्टँडातून सुटती ना," ते म्हणाले, "आपन धावत गेलो तर डायवर थांबतो. ती लाइन म्हंजे बिनडायवरची एस्टी. तिला हात करून भागत न्हाई."

प्रत्येक पिंपाच्या पोटात त्यांनी एक तांबडी चिंधी अंथरली होती. चिंधीखाली आठवडाभराचा माल, वर रोजचा. घेता घेता चिंधी दिसली की त्याच दिवशी बेलापूरला माणूस धाडायचा. ही विद्या त्यांच्या आईची. काष्टीच्या घरी ती कणगीत आधी बियाण्याची ज्वारी भरी, तिच्यावर जुन्या लुगड्याचा तांबडा तुकडा पसरी आणि मग वर खायची ज्वारी ओती. "चिंधी दिसली की आई हात मागं घ्यायची. आमी उपाशी निजलो, पन चिंधीखाली कुनी हात घातला न्हाई. त्ये आपलं नसतंय, मास्तर. त्ये फुडच्या सालाचं असतंय."

बहात्तर साली पावसाने दगा दिला आणि त्याच साली परदेशी कंपनीचा एक साहेब आमचा कारखाना पाहायला आला. उंच, लालबुंद, हातात वही. भांडारात येऊन त्याने इंग्रजीत विचारले, पिना किती शिल्लक आहेत? मी तो प्रश्न मराठीत सांगितला. कुंडलिकरावांनी बाही सारली, हात घातला आणि म्हणाले, "दंडापातूर. धा दिस." मी त्याचे इंग्रजी केले. साहेबाला वाटले मी चुकलो. मग कुंडलिकरावांनी त्याला खुणेने कोट काढायला लावले. मालकांचा चेहरा पांढरा पडला. साहेबाने मात्र हसत बाही वर केली आणि पिंपात हात घातला. चिंधी लागताच चपापून त्याने हात थांबवला.

"कुठवर आलं?" कुंडलिकराव वाकून बघत होते. "कोपराच्या जरा वर. मास्तर, सायबाचा हात लांब हाय. त्येला येक दिस वाढवून धरा."

साहेब त्या वाक्याचे भाषांतर ऐकून इतका हसला की बाहेरचे कामगार खिडकीशी जमले. पण जाताना त्याने मालकांना जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. वर्षअखेरपर्यंत परीक्षा. या दुष्काळी भागातल्या छोट्या कारखान्यामुळे लाइन एकदा जरी थांबली, तरी बिजागऱ्यांचे काम दुसरीकडे जाईल. मालकांनी हे सगळ्यांना उभे करून सांगितले. आम्ही चाळीस जण होतो. बहुतेकांच्या गावी शेते करपली होती आणि घरात येणारा पगार तेवढा एकच होता.

नवरात्रात कुंडलिकराव रजेवर गेले. काष्टीला चारा संपला होता. बैलजोडी गुरांच्या छावणीत पोचवायची होती. निघताना ते म्हणाले, "मास्तर, दुसरं काय करू नगा. चिंध्यांकडं तेवढं ध्यान ठेवा."

आणि मी काय केले ते आता लिहितो.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होई. मला हुरूप आला. भांडार असे चकचकीत करू की कुंडलिकराव आल्यावर बघतच राहतील! माणसे लावून मी सगळी पिंपे रिकामी केली, पुसली आणि माल पुन्हा भरला. पोटातल्या तेलकट, काळपट चिंध्या पाहून मला किळस आली. हिशेबाला माझा तक्ता आहेच, असे म्हणून त्या मी बाहेर जाळायला लावल्या. मग कोरे तांबडे कापड आणून प्रत्येक पिंपाच्या गळ्याला नवी पट्टी बांधली, पुढे हळदकुंकू वाहिले. त्या साली झेंडू मिळत नव्हता, म्हणून कागदाची फुले केली. पिंपांची ती रांग पाहून मालकसुद्धा म्हणाले, "वा! देवळात आल्यासारखं वाटतंय."

त्याच आठवड्यात अण्णा मिस्त्रींचे कार्ड आले: माल उद्या पाठवतो. मी तो आलाच असे धरून पिनांच्या तक्त्यात चढवून टाकला. पिंपातून रोज माल जात होता आणि आतून कोणी तांबडे काही दाखवत नव्हते.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी कुंडलिकराव परतले. दारातच थबकले. पिंपांच्या गळ्यातल्या पट्ट्या त्यांनी एकेक करून पाहिल्या. मी कौतुकाची वाट बघत उभा होतो. त्यांनी बाही सारून पिनांच्या पिंपात हात घातला. हात खाली गेला, गेला आणि पार तळाच्या पत्र्यावर नखे वाजली.

"मनगट," ते म्हणाले. "मास्तर, बियानं खाल्लं आपन."

"पण तक्त्यात भरपूर आहे. बेलापूरचा माल वाटेत आहे."

"वाटेत हाय म्हंजे आपल्याकडं न्हाई." ते रागावले नव्हते. फक्त भराभर विचार करीत होते. "उद्याच्या ट्रकात काय चढवनार? मुंबईला बिजागऱ्या कवापातूर पुरतील?"

मी हिशेब केला. परवा, बुधवारी सकाळी दहापर्यंत. आकडा सांगून मी मालकांना निरोप धाडला.

मालक धावत आले. पहिला विचार त्यांनी केला तो सगळे करतात तोच. "मुंबईला तार करा, ट्रक घाटात बंद पडला म्हणून."

"नगं, मालक," कुंडलिकराव म्हणाले. "खरं सांगा आन् आत्ता सांगा. आज सांगितलं तर त्येंच्या हातात दोन दिस हायेत. परवा सांगितलं तर काय बी न्हाई."

मालकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "आणि पिंपांतल्या चिंध्या कोणी काढल्या, कुंडलिक?"

मी तोंड उघडले. शप्पथ सांगतो, उघडले. पण माझ्याआधी ते बोलून गेले होते.

"म्या. सनाला जाताना म्याच सांगून गेल्तो, समदं धुऊन काढा म्हनून. मास्तरांनी माझं ऐकलं."

मालक जे बोलले ते मी लिहीत नाही. कुंडलिकराव मान खाली घालून ऐकत होते. मी माझे उघडलेले तोंड मिटले.

मग मात्र बोलायला वेळच उरला नाही. मुंबईला लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यांत तातडीचा ट्रंक कॉल, लावला. लाइनवर कोणता सांगाडा कधी सोडायचा हे ठरवणारे तिथे एक पाटणकर नावाचे गृहस्थ होते. मी सगळे खरे सांगितले. पलीकडून आधी शिव्या आल्या, मग कागद उलटल्याचा आवाज.

"बुधवारी सकाळी मी मालवाहू गाड्यांचे सांगाडे पुढे घेतो. त्यांना तुमची बिजागरी लागत नाही. तीन वाजेपर्यंत ओढतो मी. तीन! ऐकताय ना?"

"पाच तास दिले की त्यांनी!" फोन ठेवताच कुंडलिकराव म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला आजही दिसते. "चला मास्तर, बेलापूर!"

मालकांच्या जीपमधून आम्ही बाराच्या आत बेलापुरात होतो. अण्णा मिस्त्री लेथपाशी विडी ओढत बसले होते. लोखंडाच्या कांड्या तशाच रचलेल्या, लेथ थंड.

"लाइट न्हाई तर काय दातानं कातू?" अण्णा उखडले. "धा-बारा दिस झालं. येती घटकाभर आन् जाती. कार्ड टाकलं त्याच दिवशी गेली बघा."

मी पायरीवर बसलो. संपले, असे मला वाटले. कुंडलिकराव मात्र वर पाहत होते. अण्णांच्या छताला एक लांब लोखंडी दांडा होता. त्यावरच्या चाकांवरून पट्टे खाली येत आणि तिन्ही लेथ फिरवीत. दांड्याच्या टोकाला विजेची मोटर.

"अन्ना, ह्यो दांडा फिरला म्हंजे झालं न्हवं? कुनी फिरवला त्येचं लेथला काय?"

"व्हय. पन फिरवनार कोन, तुमी?"

"तुमच्या गावात हिरी आटल्या का न्हाई?"

"समद्या आटल्या."

"मंग इंजिनं बसूनच आसतील की!"

अण्णांनी विडी फेकली. मला कळायला थोडा वेळ लागला आणि कळले तेव्हा मी पायरीवरून ताडकन उठलो. विहिरीत पाणी नाही म्हणून गावातले प्रत्येक डिझेल इंजिन गोणपाटाखाली झाकून पडले होते. अण्णांच्या मेव्हण्याचे इंजिन आम्ही बैलगाडीत चढवले. आम्ही म्हणजे कुंडलिकराव, अण्णा, तो मेव्हणा, जीपचा ड्रायव्हर आणि आयुष्यात पुस्तकांखेरीज काही न उचललेला मी. इंजिन अण्णांच्या शेडच्या मागच्या खिडकीशी रोवले. लांब पट्टा खिडकीतून आत घेऊन दांड्याच्या चाकावर चढवला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला. कुंडलिकरावांनी हँडल मारले. एकदा, दोनदा, आणि मग धूर ओकत इंजिन बोलू लागले. फट्, फट्, फट्, फट्! वर दांडा फिरला, पट्टे सळसळले, लेथ जागे झाले. अण्णांनी पहिली पिन कातून तळहातावर धरली तेव्हा मी चक्क ओरडलो.

आणि तेवढ्यात बाया आल्या. सातआठ जणी, डोक्यावर घागरी, काही तर अनवाणी धावत. पुढे एक म्हातारी होती. तिने इंजिनाकडे पाहिले, पट्टा आत कुठे गेला तेही पाहिले.

"इंजिनाचा आवाज आला," ती म्हणाली. "वाटलं, हिरीला पानी लागलं."

इंजिन फटफटतच होते. कुंडलिकराव पुढे झाले, डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"पानी न्हाई, माय. चुकलं आमचं, आदी सांगाया पायजे हुतं. पन आमच्या चाळीस घरांची चूल हाय ह्या आवाजावर."

म्हातारीची नजर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पिंपाकडे गेली. ते जेमतेम तळाला होते. आम्हाला गावात तेवढेच मिळाले होते आणि त्यातून वाफ निघू लागली होती. तिच्या घागरीत अर्धे पाणी होते, सकाळी कोसभर जाऊन आणलेले. तिने ती उचलून पिंपात ओतली.

"ऱ्हाऊ द्या, आजी!" मी म्हणालो.

"तू गप रं. ह्येचा आवाज किती दिसानं ऐकला. चालू दे."

दिवस मावळेपर्यंत तीन लेथ थांबले नाहीत. अण्णांना नंतर बोटे सरळ करता येईनात. कुंडलिकराव दर थोड्या वेळाने पिनांच्या घमेल्यात हात घालत आणि इंजिनावरून ओरडत, "अर्धा दिस! ... पाऊन! ... दीड दिस झाला, मास्तर!" मी इतका आनंद आजवर कोणत्या पुस्तकात वाचलेला नाही.

मंगळवारी नगरला दिवसभर चाळीस जणांनी बिजागऱ्या जोडल्या. मालकसुद्धा बाह्या सारून बसले. बुधवारी पहाटे ट्रक निघाला. ड्रायव्हरशेजारी कुंडलिकराव आणि मी. घाटात एका वळणावर चारा घेऊन येणाऱ्या गाड्यांनी रस्ता अडला, तेव्हा कुंडलिकराव खाली उतरून प्रत्येक गाडीवाल्याशी बोलत पुढे गेले. काय सांगितले कोण जाणे, पण गाड्या कडेला सरल्या. मुंबईच्या फाटकाशी आलो तेव्हा अडीच वाजले होते. कागद तपासणारा माणूस चहाला गेला होता, पण पाटणकर फाटकातच वाट पाहत उभे होते.

"मास्तर, कागदाजवळ तुमी थांबा," असे म्हणून त्यांनी एक पोते पाठीवर घेतले आणि पाटणकरांच्या मागोमाग पळत सुटले. काष्टीच्या बाजारातली चाल होती ती. मी थांबलो नाही. मीही मागे पळालो.

ती लाइन आम्ही दोघांनी एकदमच पाहिली. बिनदारांच्या मोटारी एकामागे एक, हळूहळू, थांबा नाही की घाई नाही. दारे बसवणाऱ्या माणसाजवळ एक पत्र्याचा खोका होता. कुंडलिकरावांनी पोते पाठीवर असतानाच त्यात हात घातला.

"दिस न्हाई, मास्तर," ते धापा टाकत म्हणाले. "दोनच मोटारी."

त्यांनी पोते खोक्यात उलटे केले. बिजागऱ्यांचा जो खळ्ळकन आवाज झाला, त्याने आजूबाजूची माणसे वळून हसली. लाइन सरकत राहिली. पाटणकरांनी घड्याळ पाहिले, पुसलेला घाम पुन्हा पुसला आणि म्हणाले, "हे कुंडलिकराव? हात घालणारे?"

"व्हय. येक मागू का सायेब? येक डाव ते दार लावून बघू?"

तयार झालेल्या मोटारीचे दार त्यांनी उघडले आणि लावले. खट्ट. पुन्हा उघडले. बिजागरीवर एक बोट ठेवून पुन्हा लावले. सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेला तो माणूस लहान पोरासारखा हसत होता.

काम आमच्याकडेच राहिले. वेळेवर खरे सांगितले हे साहेबाला फार आवडल्याचे पाटणकरांकडून कळले. पण त्या दिवाळीला कुंडलिकरावांना भांडारप्रमुख करायचे मालकांच्या मनात होते, ते राहून गेले. "ज्याने स्वतःच चिंध्या काढायला सांगितल्या..." असे मालक म्हणाले. पुढच्या दिवाळीला ती जागा मला मिळाली. मी ती घेतली. कुंडलिकरावांनी पेढा खाल्ला आणि नवी तांबडी चिंधी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही गळ्यात बांधायची नसती, मास्तर. पोटात." त्यापलीकडे त्या विषयावर ते निवृत्त होईपर्यंत स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत. मी विषय काढला की म्हणत, "तुमी नवं हुतात. तुमचं फुडचं साल हुतं ते."

गेल्या महिन्यात ते काष्टीला वारले. दहाव्याला मी गेलो. त्यांचा मुलगा नामदेव ओट्यावर बसला होता. इतक्या वर्षांचे ओझे उतरवावे म्हणून मी त्याला सांगायला लागलो, की त्या वेळी पिंपांतल्या चिंध्या...

"ठावं हाय, काका," तो म्हणाला. "बाबा लई येळा सांगायचे. म्हनायचे, माझ्या हातनं येकदाच चूक झाली, चिंध्या जाळायला सांगून सनाला गेलो, आन् कारखाना बुडत हुता. मास्तर हुते म्हनून वाचला."

त्यांनी घरीसुद्धा हेच सांगितले होते. बायकोला, मुलाला, बहुधा नातवंडांनाही. मी नामदेवला खरे सांगितले. तो ऐकून घेत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होते, की वडिलांवर माया करणारा एक म्हातारा माणूस आज त्यांच्यासाठी खोटे बोलतो आहे, असे त्याला वाटते आहे.

म्हणून हे लिहून ठेवतो. चिंध्या मी जाळल्या. कुंडलिकराव त्या दिवशी छावणीत आपल्या बैलांना पाणी पाजत होते.